पुरलं का, कोंडिबा?

साळवे गेल्याचे कळले तेव्हा मी टँकरच्या फेऱ्यांची बातमी लिहीत होतो. फोन पुण्याहून होता. त्यांचे मेहुणे बोलत होते आणि लाइन इतकी खरखरत होती, की त्यांना तेच वाक्य तीनदा उच्चारावे लागले. शस्त्रक्रिया सुरू असताना फुफ्फुसातली गाठ फुटली. डॉक्टरांनी शक्य ते सगळे केले. सवयीप्रमाणे मी समोरच्या कागदावर वेळ, वय आणि अंत्यविधीचे ठिकाण टिपून घेतले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या अंकात आतल्या पानावर पाच ओळी आल्या... पाथर्डी तालुक्यातले पशुवैद्यकीय अधिकारी डॉ. दाविद साळवे यांचे अल्पशा आजाराने निधन, पश्चात पत्नी व दोन मुली. त्या पाच ओळी मीच लिहिल्या होत्या. त्यातले 'अल्पशा आजाराने' खरे नव्हते. त्यांचा आजार किती वर्षांचा होता, हे नेमके कुणालाच सांगता आले नाही, आणि हा सगळा लेख त्या न सांगता आलेल्या आकड्याभोवतीच फिरणार आहे. सात आठवडे झाले. ते दोन शब्द दुरुस्त केल्याशिवाय मला दुसरे काही नीट लिहिता येत नाही.

साळवेंचा दवाखाना तालुक्याच्या पूर्व टोकाला, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात होता. दोन खोल्या, पत्र्याचे छप्पर, समोर लिंबाचे झाड आणि जनावर अडकवायचा लाकडी खोडा. गावात त्यांना ढोरडाक्टर म्हणत, तोंडावर डाक्टरसाहेब. मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते दवाखान्यात नव्हे, बाजाराच्या दिवशी खाटकाच्या ओट्याजवळ. मेंढ्यांच्या साथीची बातमी घ्यायला गेलो होतो. साळवे उकिडवे बसले होते, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि हातात मेंढीचे काळीज. त्यावर लिंबाएवढे दोन पांढरे फुगे होते. भोवती पाच-सहा जण उभे होते. त्यातला बिरू नावाचा धनगर, ज्याची मेंढी होती तो, कंटाळून म्हणाला, "डाक्टर, लई येळ झाला. त्यात काय बघायचं? पानी हाय निस्तं."

"पाणी नाही, बिरू. खाली वाळूसारखं बसलंय ते दिसतं का? ती किड्याची पिल्लं आहेत. एका फुग्यात हजारोंनी."

"आमच्या आज्यापासनं आमी ह्ये कापून टाकतो आन् बाकीचं शिजवून खातो. कुनी मेलं न्हाई अजून."

"कापून टाकता ते कुणाला टाकता?"

"कुत्र्याला. मंग काय तुमाला देयाचं?"

सगळे हसले. साळवेही हसले, आणि मग हसणे ओसरायच्या आत त्यांनी एका दमात सांगून टाकले, जे ते पुढची चार वर्षे सांगत राहिले. हा फुगा कुत्र्याने खाल्ला, की त्याच्या आतड्यात तांदळाच्या दाण्याएवढे जंत होतात. कुत्र्याला त्याचे काहीच वाटत नाही, ते शेपूट हलवत फिरते. जंताची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. गवताला लागली तर मेंढीच्या पोटात जातात, कुत्र्याच्या केसांना लागली तर ते केस कुरवाळणाऱ्या हाताला लागतात. तो हात न धुता भाकरीला लागला, की माणसाच्या काळजात, म्हणजे यकृतात, किंवा फुफ्फुसात असाच फुगा धरतो आणि वर्षानुवर्षे गुपचूप वाढतो. मटण खाणाऱ्यालाच होतो असेही नाही. शेजारच्या गावातल्या एका माळकरी म्हातारीच्या पोटातून नगरला नारळाएवढी गाठ काढली होती. तिने जन्मात मटणाला हात लावला नव्हता, मात्र तिच्या दारात कुत्रे होते. साळवेंचा उपाय अगदी साधा होता. फुगे आलेले काळीज, फुफ्फुस एक तर खळखळ उकळून टाकायचे, नाही तर छातीएवढ्या खड्ड्यात पुरून वर दगड ठेवायचा. कुत्र्यांना जंताचे औषध द्यायचे. हात धुवायचे. कुत्रा दोषी नाही, हे ते दर वेळी शेवटी म्हणत. पण शेवटपर्यंत ऐकणारे तिथे फार थोडे उरत.

मी ते सगळे लिहून घेतले आणि दोन रकान्यांचा मजकूर तयार केला. त्या दिवशी ऐनवेळी एक जाहिरात आली. कुणी कापले ते सांगत नाही, कारण कापणाऱ्याने मला विचारले होते आणि मी मान डोलावली होती. छापून आल्या चार ओळी. मथळा, 'कुत्र्यांमुळे पोटात गाठी', आणि खाली गावाचे नाव. त्या आठवड्यात गावाने कुत्री मारली. काही काठीने, काही विष घातलेल्या भाकरीने. बिरूची दोन्ही गेली. महिन्याच्या आत डोंगरातून लांडगे उतरले आणि त्याच्या मेंढवाड्यातली कोकरे नेऊ लागले. साळवे एसटीने नगरला आले, थेट कार्यालयात. पिशवी माझ्या टेबलावर ठेवली, बसले नाहीत.

"तुम्ही लिहिलंत ते खरं होतं," ते म्हणाले. "छापलं ते अर्धं होतं. अर्ध्यानं कुत्री मेली. खाटकाच्या ओट्यापाशी आजही तसंच काळीज पडलंय, शेजारच्या गावची कुत्री येऊन खाताहेत... पुन्हा लिहायचं तर पूर्ण लिहा. नाही तर माझ्या गावाबद्दल काही लिहू नका."

त्यानंतर आमची मैत्री झाली. बहुधा मी 'चुकलं' एवढेच म्हणालो आणि जाहिरातीचे कारण सांगितले नाही, म्हणून असेल. पाथर्डीकडे गेलो की मी त्यांच्याकडे जेवत असे. शांताबाई, त्यांच्या पत्नी, गावच्या शाळेत शिक्षिका होत्या. साळवे हात धुऊन आल्यावर त्या विचारत, "साबणानं?" आणि ते मुलींसारखे दोन्ही पंजे पुढे करून दाखवत. दवाखान्यात टिप्या नावाचे तपकिरी कुत्रे होते, कत्तलीतून वाचलेले पिल्लू. साळवेंनी ते आठ दिवस औषधांच्या कपाटामागे लपवून ठेवले होते. मोठा झाल्यावर तो त्यांच्या खुर्चीखाली झोपे आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी ठेवून औषधाची यादी वाचल्यासारखा कागदाकडे बघे. साळवे त्याला दर तीन महिन्यांनी जंताचे औषध पाजत. निदान औषध मिळत होते तोवर.

वर्तमानपत्रावरचा विश्वास उडाल्यावर साळवेंनी दाखवायला सुरुवात केली. दुष्काळ पडला तेव्हा जनावरे रोज मरत होती. बाजाराच्या दिवशी ते लिंबाखाली एखादी मेलेली शेळी उघडत, काळीज बाहेर काढून परातीत ठेवत, फुग्यातले पाणी काचेच्या बाटलीत घेत आणि भिंग एकेकाच्या हातात देत. पुरुष बघून पुढे जात. बायका थांबत, एकदा एकीने विचारले, "म्हंजी लेकराच्या तोंडाला कुत्रं चाटतंय, त्ये बी वाईटच ना?" साळवे इतके खूश झाले, की तिला त्यांनी सगळ्यांसमोर पुन्हा तोच प्रश्न विचारायला लावला. खेळ संपला की ते परात शिपायाकडे देत. अर्ध्या-पाऊण तासाने, हात पुसत, न चुकता विचारत, "पुरलं का, कोंडिबा?" आणि आतून उत्तर येई, "पुरलं, साहेब."

कोंडिबा पन्नाशी ओलांडलेला. साळवेंच्या हाताखाली पाच वर्षे होता. उधळलेला बैल त्याने कानाजवळ नुसते 'होय होय' केले तरी उभा राहत असे. दवाखान्यामागची जमीन मुरमाड, वर दोन पावसाळे कोरडे गेलेले. छातीएवढा खड्डा म्हणजे टिकावाने एका माणसाचे दोन दिवस. साळवेंनी जवळच्या पाझर तलावाच्या कामावरची दोन माणसे मागून पाहिली. कामावरचा साहेब मी समोर असताना म्हणाला होता, "डॉक्टर, आमच्या यादीत तलाव आहे, रस्ता आहे, खडी आहे. शेळीच्या काळजाचा खड्डा कुठल्या रकान्यात घालू?" परत येताना साळवे हसत होते. त्याच सुमारास कुत्र्यांचे औषधही संपले. मागणी पाठवली, स्मरणपत्रे पाठवली. गुरांच्या छावण्यांना काय पाठवायचे याच धांदलीत असलेल्या कार्यालयाकडून उत्तर आले नाही. वर्षभर टिप्याला औषध मिळाले नाही. मी हे तेव्हा पाहत होतो आणि मला त्यात बातमी दिसली नाही.

त्याच काळात साळवे खोकू लागले. खोकणारा माणूस म्हणजे क्षयाचा, हा आपल्याकडचा पहिला अंदाज. आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. कित्येक महिने त्यांनी इंजेक्शने घेतली. गावात कळले. हॉटेलवाल्याने त्यांच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवला; साळवे तो स्वतःच फळीवरून काढून घेत आणि म्हणत, "माझा आण रे, मानाचा." खोकला थांबला नाही. मग एका सकाळी खोकल्याची मोठी उबळ आली, तोंड एकदम खारट पाण्याने भरले, आणि त्या पाण्यात द्राक्षाच्या सालीसारखा पांढरट पापुद्रा आला. ते पुढे त्यांनीच मला सांगितले, पत्ता सांगावा तसे. त्यांनी तो पापुद्रा बशीत घेतला, कपाटातून भिंग काढले, खिडकीशी नेऊन पाहिला आणि खुर्चीत बसून राहिले. शांताबाई शाळेत जायला निघाल्या होत्या. त्यांना ते एवढेच म्हणाले, "क्षय नाही." त्या आनंदाने देवाचे आभार मानू लागल्या, तेव्हा त्यांना थांबवावे लागले.

नगरला क्ष-किरण चित्र काढले. उजव्या फुफ्फुसात, फुटलेल्या फुग्याशेजारी, दुसरा शाबूत फुगा, कंपासने काढावे तसे वर्तुळ. दोघी मुलींची आणि शांताबाईंचीही चित्रे काढली. ती स्वच्छ निघाली. पुण्याला जायच्या आदल्या दुपारी मी त्यांना नगरला त्यांच्या सासुरवाडीत भेटलो. पलंगावर न झोपता ते खोलीत फेऱ्या घालत होते. खिडकीपर्यंत जायचे, पडदा सारखा करायचा, परत यायचे. शस्त्रक्रियेबद्दल ते काही बोलले नाहीत. कोंडिबाबद्दल बोलले.

भिंगातून पाहिले त्याच दिवशी साळवे दवाखान्यामागे गेले होते. इतक्या दिवसांचे खड्डे कुठे आहेत, ते पाहायला. खड्डे नव्हते. मुरुमावर दोन-तीन ठिकाणी टिकावाचे ओरखडे होते, वीतभर खोल. टिप्या तिथे सावलीत पडला होता आणि त्यांना बघून शेपूट हलवत उठला. त्यांनी कोंडिबाला हाक मारली. कोंडिबाने काही नाकारले नाही. त्याने एकच विचारले, "तुमचा खोकला... ह्येनंच का, साहेब?"

"मी म्हटलं, नाही," साळवे मला सांगत होते. "म्हटलं, ही गाठ दहा वर्षांची तरी आहे. तू यायच्या कितीतरी आधीची. माझ्या बापाच्या घरी कुत्री होती, तेव्हाची."

"आणि खरं?"

"खरं सांगता येत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनाही फोनवर विचारलं. कुणाची गाठ भराभर वाढते, कुणाची हळू. दहा असतील, वीस असतील, दोनही असतील..." ते खिडकीपाशी थांबले. "गावभर वर्षं मोजत बसतील त्याच्यावर. तो साधा माणूस आहे. तुम्हाला तो विचारणार. मी परत आलो तर मलाही विचारेल. तुम्ही दहाच सांगा. आणि खड्ड्यांचं कुठं लिहू नका."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. त्यांनी ते हो धरले आणि पहिल्यांदाच पलंगावर टेकले. मग मुलींच्या शाळेविषयी बोलत बसले, आणि मी निघताना उठून दारापर्यंत आले. एवढीच शेवटची भेट.

गेल्या पंधरवड्यात मी गावी गेलो. शांताबाईंना दवाखान्यातल्या कपाटातली साळवेंची पुस्तके आणि भिंग हवे होते. स्वतः जायला त्या अजून धजत नव्हत्या. नवे डॉक्टर आलेले नाहीत; तालुक्याहून पाठवलेला एक सहायक तेवढा दवाखाना सांभाळतो. कोंडिबाने कपाट उघडून दिले, पुस्तके एकेक करून फडक्याने पुसली, गाठोडे बांधले. गाठ मारून झाल्यावर तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. मी साळवेंच्या खुर्चीवर होतो, आणि त्या खुर्चीवर बसलो याचे मला तेव्हाच बरे वाटेना.

"साहेब, तुमी पेपरवालं. तुमाला खरं ठाव आसंल. डाक्टरसाहेबाच्या छातीतली गाठ किती वर्साची हुती?"

मी काय बोलायचे ते वाटेत, एसटीत, ठरवले होते. दहा. एक शब्द. तो तोंडातून निघाला नाही.

कोंडिबाच पुढे म्हणाला, "त्ये मला धा म्हन्ले. पर धा म्हनताना माझ्याकडं बघत नव्हते. भितीकडं बघत हुते. पाच वर्सं त्यांच्या हाताखाली काढली, मला खोटं बोलायचं आसंल तवा मी बी भितीकडंच बघायचो... 'पुरलं, साहेब' म्हनताना."

मी म्हणालो, "कुणालाच सांगता येत नाही, कोंडिबा. डॉक्टरांनाही येत नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनाही नाही. तू यायच्या आधीची असेल. नंतरचीही असेल."

तो मान हलवत राहिला, जसे काही मी त्याला बाजारभाव सांगत होतो. मग म्हणाला, "म्हंजी म्हाईत न्हाई."

"नाही."

"बरं झालं बोललात." तो स्वतःहून सांगू लागला. त्यांच्या घरात, भावकीत, गावात रीत अशी, की जनावर कापतात तिथे येऊन बसलेल्या कुत्र्याला रिकाम्या तोंडी उठवायचे नाही. वाटे घालायच्या आधी त्याच्यापुढे काहीतरी टाकायचे. बापाने कधी काठी उगारून कुत्रे हाकलले नव्हते. "आन् तवा दुस्काळ. ह्या टिप्याच्या फासळ्या मोजून घ्याव्या. मी परात घेऊन मागं जायचो, ह्यो माझ्यामागं. टिकाव मारला तर ठिनग्या उडायच्या. ह्यो बसून बघायचा, तोंडातून लाळ... मला पुरवंना. मानसं खडी फोडून अर्धी भाकर खातेत, आन् मी चांगलं काळीज मातीत घालू? म्हन्लं, खा बाबा. एकदा दिलं, मंग रोजच. डाक्टर भिंगातून दावायचे त्ये मी समद्यांच्या आधी बघितलं हुतं. मला कळत नव्हतं आसं न्हाई. कळत हुतं, साहेब. पर ह्येच्यापुढं त्ये ध्यानात राहायचं न्हाई."

मी त्याला सांगितले, की मी साळवेंवर लिहिणार आहे, आणि हे त्यात येणार नाही. तो चटकन वर बघत म्हणाला, "का बरं?"

"साळवेंनी सांगितलं होतं."

"त्ये माझ्यासाठी सांगितलं. आता मी सांगतो. लिवा. डाक्टर चार वर्सं वरडले, कुनी ऐकलं न्हाई. म्हन्ले, ढोरडाक्टर हाय, शिकल्यालं बोलतंय. मी काय शिकल्यालं न्हाई. कोंडिबानं काळीज कुत्र्याला घातलं आन् त्याच्या साहेबाच्या छातीत फुगा निगाला, त्येनंच निगाला का म्हाईत न्हाई... आसंच लिवा, म्हाईत न्हाई म्हनून बी लिवा. माझं नाव घाला. आन् कुत्री मारू नका म्हनावं. त्ये कापू नका बरं का, मागल्यासारखं."

मागल्यासारखे कापलेले नाही. साळवेंनी मागितलेला एक शब्द मी दिला नाही आणि जो मजकूर दाबायला सांगितला तो छापतो आहे; दुसरीकडे, पूर्ण लिहा असेही तेच म्हणाले होते. या दोहोंतले कोणते पाळायचे होते, हे विचारायची सोय राहिलेली नाही. गावाचे नाव मात्र या वेळी दिलेले नाही.

मी निघायच्या बेतात असताना एक बाई मेलेली शेळी घेऊन आली होती. सहायकाने ती लिंबाखाली उघडली. काळजावर तीन फुगे होते. कोंडिबाने घमेले उचलले आणि मागे गेला. टिप्या त्याच्यामागे, आणि त्या दोघांमागे मी. मागे खड्डा होता, माझ्या छातीएवढा, कडा सरळ तासलेल्या. साळवेंना पुण्याला नेले त्या दिवसापासून तो एकामागून एक असे खड्डे खणत होता, असे सहायकाने मला नंतर सांगितले. कोंडिबाने घमेले आत रिकामे केले, वर चुना टाकला, माती लोटली आणि दोन्ही हातांनी फरशीचा दगड ओढून तोंडावर घेतला. टिप्या चार हातांवर बसला होता. तो दगडाकडे बघत होता, मग कोंडिबाकडे, पुन्हा दगडाकडे. कोंडिबाने डब्यातल्या तांब्याभर पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले, ते धोतराला न पुसता हवेत धरून वाळवले, आणि बंडीच्या खिशातून फडक्यात बांधलेली अर्धी भाकर काढून कुत्र्यापुढे ठेवली. टिप्याने ती हुंगली. खायला लागला. कोंडिबाने त्याच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला, आणि वाटेतच थांबवून मागे घेतला.